फोटोतल्या माणसाला नाव असतं : या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप

बोईसरवरून बोलतोय. रेकॉर्डिंगमध्ये मधेच गाडीचा भोंगा ऐकू आला असेल तर चालवून घ्या, आमची खोली स्टेशनपासून फार लांब नाही. ज्यांचं नेट सफाळ्याच्या पुढे गेलं की जातं, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढून टाकलेत. थोडे राहिलेत, ते आपले समजा.

आजचा विषय आहे जुने फोटो, माणसांचे. त्यातही आदिवासी माणसांचे, जे दुसऱ्याच कुणीतरी काढले आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी अल्बममध्ये जाऊन बसले. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

चूक माझीच

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्याकडच्या एका आठवडे बाजारात मी फोटो काढत फिरत होतो. एक म्हातारी सुकी मासळी बघत बसली होती. लुगडं, गळ्यात मण्यांची माळ, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. उन्हाची तिरीप बरोबर गालावर. मी क्लिक केलं. तिनं बघितलं, मी हसलो, ती पण हसली. मला वाटलं, झाली परवानगी.

घरी येऊन फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि टाकला. खाली लिहिलं, "वारली आजी. निसर्गाचं लेकरू." साडेचारशे लाइक आले. मी खूश!

तिसऱ्या दिवशी एक कमेंट आली. "दादा, ही माझी आजी आहे. तिला नाव आहे. आणि लेकरू नाही ती, आठ नातवंडांची आजी आहे."

शिवी नाही, भांडण नाही. मी फोटो लगेच काढून टाकला, त्याला मेसेज करून माफी मागितली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी फोटोग्राफरच्याच घरातला. बाबांचा बोईसरमध्ये छोटा स्टुडिओ होता, पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन, सगळं. फोटोच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहिल्याशिवाय बाबा निगेटिव्ह आत ठेवत नसत. आणि मी, त्यांचा पोरगा, एका बाईचं नाव न विचारता तिला "वारली आजी" करून टाकलं.

मग मी शोधायला लागलो. फोटोखाली माणसाच्या नावाऐवजी जमातीचं नाव लिहायची ही सवय आली कुठून? उत्तर दीडशे वर्षं मागे गेलं. आणि सुरुवात कुठे झाली? आपल्या मुंबईत.

ओली काच आणि ताठ मान

फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरूसुद्धा झाली होती. त्या काळाच्या मानाने हे फारच फास्ट. सोसायटीत गोरे साहेब होते, तसे आपलेही लोक होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही भायखळ्याच्या म्युझियममुळे ऐकलं असेल. ते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी, दोघंही त्यात होते. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. म्हणजे कॅमेरा फक्त इंग्रजांच्या हातात होता असं समजू नका.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय कसरत होती, ते बघा. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. काच वाळली की खेळ खलास. त्यामुळे फोटोग्राफर बाहेर जाताना काळोखी खोलीच तंबूसारखी बरोबर न्यायचा. मग त्या काचेवरून कागदावर प्रिंट. कागदाला लावलेलं असायचं अंड्याचं पांढरं. जुन्या फोटोंना तो जो तपकिरी, चहासारखा रंग दिसतो ना, तो या अंड्याच्या कागदाचा.

आणि समोरच्या माणसानं काय करायचं? काही सेकंद अजिबात हलायचं नाही. उभं केलं तर मानेमागे लोखंडी चिमटा लावत, डोकं हलू नये म्हणून. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तुम्ही तीन-चार सेकंद न हलता हसून बघा. गाल दुखतात.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की समोर कोण उभं आहे, कुणी उभं केलंय आणि नाही म्हणायची सोय आहे का, यावरही चेहरा ठरतो.

मुंबईचा कट-पेस्ट

आता भेटा विल्यम जॉन्सनला. मुंबईत सरकारी नोकरी करणारा आणि बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यानं विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ ते १८५८ या काळात एक फोटोंचं मासिक काढलं. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये त्याचं दोन खंडांचं पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. विषय होता मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या "वंशांचे आणि जमातींचे" फोटो. पहिला खंड गुजरात, कच्छ, काठियावाडचा. दुसरा महाराष्ट्राचा.

पुस्तकाची रचना सरळ होती. एक पान, एक जात. नागर ब्राह्मण स्त्रिया. बोहरा. मेमण. फोटोत तीन-चार माणसं, शेजारी त्यांच्या "स्वभावाबद्दल" आणि रीतिरिवाजांबद्दल मजकूर. समोर बसलेली बाई कोण, कुठल्या गल्लीत राहते, तिला पोरं किती, काही नाही. ती तिच्या जातीचा नमुना.

आणि मजा पुढे आहे. जॉन्सनच्या बऱ्याच फोटोंत माणसं आणि त्यांच्यामागचा देखावा एका जागचा नाहीच. माणसांचा फोटो वेगळा काढलेला, देखाव्याचा वेगळा, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. नीट बघितलं तर माणसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात, सावल्या जुळत नाहीत. म्हणजे "हे लोक त्यांच्या जागी असे दिसतात" असं सांगणारा फोटो हाच मुळात कट-पेस्ट!

हे वाचलं आणि मला बाबांचा स्टुडिओ आठवला. तिथेही कट-पेस्ट चालायचं. पण त्याच्यावर मी नंतर येतो, कारण ती गोष्ट पूर्ण उलटी आहे.

माणसांचा सॅम्पल-बुक

जॉन्सनचा अल्बम तसा एका माणसाचा उद्योग. त्याच्यानंतर जे आलं ते सरकारी होतं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला एक गोष्ट कळून चुकली होती, की ज्या लोकांवर आपण राज्य करतो ते लोक आपल्याला माहीतच नाहीत. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि लेडी कॅनिंग यांना भारतातल्या लोकांचे फोटो आठवण म्हणून हवे होते. त्या हौसेचं पुढे सरकारी काम झालं. जिल्ह्याजिल्ह्यातून अधिकाऱ्यांनी फोटो पाठवले. त्यातून १८६८ ते १८७५ या काळात "द पीपल ऑफ इंडिया" या नावाचे आठ खंड निघाले. ४६८ फोटो. प्रती काढल्या फक्त २००, आणि त्यातल्या अर्ध्या सरकारी कामासाठी.

याच्या दोन संपादकांपैकी एक होता जॉन फोर्ब्स वॉटसन. हा लंडनमध्ये भारतातल्या मालाची नोंद ठेवणारा अधिकारी. याच माणसानं १८६६ मध्ये भारतातल्या कापडाचे नमुने गोळा करून १८ खंड केले होते. खऱ्या कापडाचे ७०० तुकडे, पानावर चिकटवलेले, की विलायतेतल्या गिरणीवाल्यांनी बघावेत आणि तसा माल काढावा. कापडाच्या दुकानात सॅम्पल-बुक असतं ना, तसंच. दोन वर्षांनी त्याच साहेबाच्या हाताखालून माणसांचे खंड निघाले. लुगड्याचा तुकडा आणि लुगडं नेसलेली बाई, दोघींची नोंद साधारण एकाच पद्धतीनं झाली.

या खंडांबद्दल एक किस्सा आहे. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान, म्हणजे ज्यांनी पुढे अलीगढचं कॉलेज काढलं ते, मुलांबरोबर लंडनला गेले होते. तिथल्या इंडिया ऑफिसमध्ये त्यांच्या मुलानं, सय्यद महमूदनं, हे पुस्तक चाळलं. तेवढ्यात एक तरुण इंग्रज आला आणि त्यानं विचारलं, तू हिंदुस्थानीच ना? महमूदला लाज वाटली. तो हो म्हणाला, पण लगेच पुढे जोडलं, की मी त्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आमचे पूर्वज बाहेरून आलेले. हा प्रसंग सर सय्यद यांनी स्वतःच लिहून ठेवलाय. त्या पुस्तकातल्या चित्रणाचा त्यांना फार राग आला होता.

मी हे वाचलं तेव्हा आधी त्या पोराची कीव आली. मग लक्षात आलं, त्यानं स्वतःची सुटका कशी करून घेतली ते. "मी त्यांच्यातला नाही." म्हणजे जे फोटोत अडकलेत, ते अडकू देत. आपणही असंच करतो की नाही? गावाकडचा कुणी आपल्या बोलीत बोलला की स्टेशनवर आपण जरा बाजूला सरकून उभे राहतो. खोटं सांगू नका, मी केलंय.

रेशमाच्या दोऱ्यांची चौकट

त्याच १८६९ मध्ये जॉन लॅम्प्रे नावाच्या इंग्रजानं एक युक्ती सुचवली. एक लाकडी चौकट घ्यायची, तिच्यात रेशमाचे दोरे आडवे-उभे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन करायचे. त्याच्यापुढे माणसाला उघडं उभं करायचं आणि फोटो काढायचा. मग कुठल्याही देशातला माणूस कुठल्याही माणसाशी चौकोन मोजून ताडून बघता येईल. डोकं किती, हात किती, नाक किती. यातून "वंश" ठरवता येतो अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. पुढे ते शास्त्र सगळं खोटं ठरलं. नाकाच्या लांबीवरून कुणाची अक्कल किंवा प्रामाणिकपणा कळत नाही, हे आज शाळेतलं पोरगंही सांगेल.

शास्त्र गेलं, पण लिहायची पद्धत राहिली. आपल्या पट्ट्याचं बघायचं तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढा. पालघर तेव्हा अर्थातच ठाण्यात. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्या गॅझेटियरमध्ये वारली, काथोडी म्हणजे कातकरी, कोळी, सगळ्यांची वर्णनं आहेत. माहिती भरपूर, उपयोगाचीसुद्धा. पण सगळी अनेकवचनात. ते असे दिसतात, ते असे राहतात, ते हे खातात. एक माणूस म्हणून कुणी भेटत नाही.

माझी ओळ आठवा. "वारली आजी. निसर्गाचं लेकरू." साहेब जाऊन पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली आणि ओळ मी लिहिली, बोईसरला बसून, मराठीत.

समुद्रापलीकडची एक गोष्ट

इथे जरा लांब जाऊ. अमेरिकेत सॅक अँड फॉक्स नावाचे मूळ रहिवासी आहेत. खरं म्हणजे दोन समाज, सॉक आणि मेस्क्वाकी. सरकारनं करारांच्या कागदावर दोघांना एकत्र बांधलं आणि तेच नाव पडलं. मिसिसिपी नदीच्या काठची त्यांची जमीन एकेका करारानं गेली. १८३२ मध्ये लढाई झाली, हरले, आणखी पश्चिमेला ढकलले गेले. आधी आयोवा, मग कॅन्सस, मग ओक्लाहोमा.

त्यांच्या एका पुढाऱ्याचा, केओकुकचा, फोटो १८४७ मधला आहे. सेंट लुइस शहरात थॉमस ईस्टर्ली नावाच्या फोटोग्राफरनं काढलेला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. गळ्यात अस्वलाच्या नखांची माळ, नजर सरळ कॅमेऱ्यात. पुढच्याच वर्षी केओकुक वारला. पण फोटोसोबत त्याचं नाव आहे. का आहे? कारण करारावर सही त्याची हवी होती. ज्याची सही लागते त्याचं नाव लक्षात ठेवावं लागतं. तिथेही बिनसहीच्या बायका-पोरांचे कितीतरी फोटो "एक इंडियन स्त्री" एवढ्यावरच संपतात.

तिथल्या फोटोंमध्येही हातचलाखी होती बरं का. एडवर्ड कर्टिस हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे फोटो काढणारा सगळ्यात गाजलेला माणूस. १९१० च्या सुमाराचा त्याचा एक फोटो आहे, पिगन जमातीच्या तंबूतला. दोघे बसलेत आणि मध्ये चक्क एक टेबलावरचं घड्याळ आहे. छापताना कर्टिसनं ते घड्याळ पुसून टाकलं. कारण "खऱ्या" आदिवासीकडे घड्याळ कसं असेल? जॉन्सननं मागे देखावा चिकटवला, कर्टिसनं घड्याळ काढलं, मी रंग काढून ब्लॅक अँड व्हाइट केलं. तिघांनाही समोरचं माणूस आहे त्यापेक्षा जुनं दिसायला हवं होतं.

आणि त्याच सॅक अँड फॉक्स लोकांमधला एक पोरगा होता जिम थॉर्प. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं मारली. आधी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून १९१३ मध्ये पदकं काढून घेतली. त्या दोन्ही शर्यतींचा एकटा विजेता म्हणून त्याचं नाव परत लागलं २०२२ मध्ये, म्हणजे ११० वर्षांनी. नाव परत मिळायला कधी कधी एवढा वेळ लागतो. पण लागतं, जर कुणी मागे लागलं तर.

मेस्क्वाकींनी तर १८५७ मध्ये स्वतः पैसे जमवून आयोवात जमीन विकत घेतली आणि परत येऊन राहिले. आज तिथे त्यांचं स्वतःचं म्युझियम आहे.

आता परत आपल्याकडे

आपल्याच जिल्ह्यात हा फरक दिसतो. जव्हारचे राजे मुकणे, महादेव कोळी घराणं. शेवटचे संस्थानिक यशवंतराव मुकणे. त्यांचे फोटो नावानिशी, पदव्यांनिशी सापडतात. त्याच संस्थानच्या जंगलात लाकूड तोडणाऱ्याचा फोटो निघालाच असेल, तर खाली काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नावं दुसरीकडे सापडली. गोदावरी परुळेकर, म्हणजे गोदूताई, १९४५ च्या वारली उठावाच्या वेळी तलासरी-डहाणू भागात पाड्यापाड्यांवर फिरल्या. तेव्हा वेठबिगार चालायची. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. त्यांचं "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक १९७० मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात वारली माणसं नावानं भेटतात, चिडतात, चेष्टा करतात, घाबरतात, पुन्हा उभी राहतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांमध्ये जेठ्या गांगड होता. त्याचं नाव आजही आपल्याकडच्या सभांमध्ये घेतलं जातं. फोटोशिवाय नाव टिकलं.

आणि वारली चित्र? तुम्ही म्हणाल, त्यात तर चेहराच नसतो. दोन त्रिकोण, एक गोल, काडीसारखे हातपाय. बरोबर. पण लग्नातला चौक सुवासिनी कुणाच्या घराच्या भिंतीवर लिहितात, हे अख्ख्या पाड्याला माहीत असतं. तिथे ओळख पटवायला नाकडोळे लागत नाहीत. गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी तीच चित्रं कागदावर आणली, आणि मग चित्राखाली चित्रकाराचं नाव यायला लागलं. तोवर बाजारात ते फक्त "वारली पेंटिंग" होतं.

बाबांचा कट-पेस्ट

आता ती राहिलेली गोष्ट. बाबांच्या स्टुडिओत महिन्यातून दोन-तीनदा तरी असं गिऱ्हाईक यायचं. आतल्या पाड्यावरून, कधी एमआयडीसीतली पाळी संपवून. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदान कार्ड काढायचं. "शेठ, बापाचा फोटो मोठा करून द्या. परवा दिवस आहे." माणूस गेलेला. आणि त्याचा जगात एकच फोटो, कार्डावरचा, नखाएवढा, वरून सरकारी शिक्क्याची निळी रेघ.

बाबा तो स्कॅन करायचे. शिक्का पुसायचे. डोळे स्वच्छ करायचे. शर्टाची कॉलर दिसत नसेल तर खाली दुसरा शर्ट जोडायचे. कुणी कोट मागायचं, कोट लावायचे. मागे निळं आभाळ. मी कॉलेजात असताना एकदा हसून म्हणालो होतो, "बाबा, या माणसानं जन्मात कोट घातला नसेल." बाबा मान वर न करता म्हणाले, "म्हणून तर मागतायत."

मग फ्रेमच्या खाली पट्टीवर नाव. वडिलांच्या नावासकट पूर्ण. तारीख. नाव बरोबर लिहिलंय ना, हे बाबा दोनदा वाचून दाखवायचे, कारण समोरच्याला कधी वाचता येत नसे.

जॉन्सनचा कट-पेस्ट आणि बाबांचा कट-पेस्ट, तंत्र जवळजवळ एकच. पण पहिल्यात फोटो कसा हवा ते बघणाऱ्यानं ठरवलं, दुसऱ्यात घरच्यांनी. आणि दुसऱ्यात खाली नाव होतं.

हे पण बघा, की त्या घरांमध्ये माणसाचा एकुलता एक फोटो सरकारी कार्डावरचा होता. सरकारला ओळख पटवायची म्हणून निघालेला. दीडशे वर्षांत एवढाच बदल झाला, की आता खाली नाव छापतात, तेही पुष्कळदा चुकीचं.

मग आजीचं काय झालं

त्या पोरानं माफी स्वीकारली. बोलणं वाढलं. तो इथेच एमआयडीसीत कामाला आहे. एका रविवारी म्हणाला, "दादा, एवढं वाटतंय तर ये घरी, नीट काढ फोटो."

गेलो. माझ्या डोक्यात अजून तेच, कुडाची भिंत, शेणानं सारवलेली जमीन, तिरपं ऊन. आजीनं मला पाच मिनिटांत सरळ केलं. जुनं घर नको म्हणाली. नवीन पक्क्या घराच्या दारात, प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसणार. लुगडं नवं. नातवाची मोटारसायकल मागे दिसली पाहिजे, "हप्ते फेडलेत तिचे." आणि मांडीवर आजोबांची फ्रेम. ती फ्रेम बघितली आणि मी गप्पच झालो. निळं आभाळ, कोट, खाली नावाची पट्टी. कुठल्या स्टुडिओतून आणली ते तिला आठवत नव्हतं. बाबांच्याच हातची होती की नाही, मला सांगता येणार नाही. त्या काळी सगळेच असंच करायचे.

फोटो झाले. त्यात ऊन तिरपं नाही, कंपोझिशन काही खास नाही. तिला फार आवडले. तिनं विचारलं, "कागदावर कधी देशील?" मोबाइलमधला फोटो तिच्या लेखी फोटोच नव्हता. चार प्रिंट काढून दिल्या, मागे पेन्सिलनं तिचं पूर्ण नाव, गाव, तारीख लिहून.

ते नाव मी इथे सांगत नाहीये. नातू म्हणाला, "घरात राहू दे." मग राहू दे घरात. नाव लिहून ठेवणं वेगळं आणि सगळ्या जगाला सांगणं वेगळं. दोन्ही ठरवायचा हक्क तिचा.

तुम्ही काय करू शकता

उपदेश नको वाटतो, पण चार कामाच्या गोष्टी सांगतो. रविवारी दुपारी होतील एवढ्याच.

एक, घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुना फोटो सापडला तर मागे मऊ पेन्सिलनं नाव लिहा. बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. कोण, कुठे, अंदाजे कधी, आणि हे कुणी सांगितलं.

दोन, फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, काचेला चिकटलेला असेल तर फाटतो. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल सरळ धरून फोटोचा फोटो घ्या. काचेवर चमक येत असेल तर मोबाइलमागे काळं कापड धरा. आपल्याकडे समुद्राची दमट हवा आहे, बुरशी लवकर लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा कोरड्या कागदात गुंडाळा.

तीन, आजी-आजोबांना फोटो दाखवून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. फोटोतली माणसं ओळखणारं शेवटचं माणूस गेलं, की तो फोटो परत "एक स्त्री, ठाणे जिल्हा" होतो. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं अणुऊर्जा केंद्राच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी उठली. तिथलं जुनं अंगण आज फक्त कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागे दिसत असेल. अशा फोटोत मागचं पण विचारा. हे झाड कुठलं, ही विहीर कुणाची.

चार, दुसऱ्याचा फोटो काढायचा असेल तर आधी नाव विचारा, मग कॅमेरा काढा. हसणं म्हणजे परवानगी नाही, हे मी फुकट शिकलो नाही. कुठे टाकणार ते सांगा. आणि प्रिंट द्या. वीस-तीस रुपयांत होते.

ज्यांना जुने अल्बम बघायचेत त्यांच्यासाठी सांगतो. जॉन्सनचे फोटो अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीनं ऑनलाइन ठेवलेत, "द पीपल ऑफ इंडिया"चे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं. दोन्ही फुकट. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं म्युझियम आहे, तिकडे गेलात तर नक्की जा. बघताना माझ्यासारखं करा, प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबून एकदा विचारा, हिचं नाव काय असेल?

आणि तुमच्या घरात असा एखादा कार्डावरून मोठा केलेला फोटो असेल, कोटवाला, निळ्या आभाळाचा, तर त्याची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू.

चला, विरार शटलची वेळ झाली. भेटू.